कोंड्याची वेळ

भाताच्या दाण्यात दोघांची बिऱ्हाडं वेगळी असतात.
एका थरात तेल,
दुसऱ्यात ते तोडणारं विकर,
मध्ये कागदाहून पातळ भिंत.
कोठीत वर्षभर शेजार टिकतो.
मग मिलमध्ये पॉलिशर फिरतो, भिंत पडते,
आणि कोंडा पोत्यात शिरायच्या आत
दोघांची गाठ पडलेली असते.

आज एकच गाडी.
तिरोड्याहून निघाली संध्याकाळी साडेपाचला,
पोहोचली रात्री एक वीसला.
ड्रायव्हर भोजराम उतरतो, हात पँटला पुसतो.
"देव्हाडीच्या फाटकावर कोळशाच्या दोन मालगाड्या, मॅडम,
मंग टायर गेला.
मी नाई थांबलो. गाडी थांबली."

मी पोत्यात हात घालते.
मनगटापर्यंत ऊब,
खुडूक कोंबडीखाली हात घालावा तशी.
वास अजून गोड आहे, भाजल्या मक्याचा.
वासावर मी जात नाही.
नाकाला सकाळी कळेल, ब्युरेटला आत्ता.

थेंब.
गुलाबी येते, फ्लास्क हलवला की विझते.
थेंब.
येते, विझते.
किती वेळ विझत राहते आज.
टिकते तेव्हा मी आकडा दोनदा वाचते:
अकरा पूर्णांक दोन टक्के.

मुनीम राहांगडाले दारात उभे.
"आठ लिहा ना. एवढ्या राती कोण पाहून रायलं?"
मी आकडा लिहिते.
आपण बोलतोय तेवढ्यातही, दादा,
तिकडे पोत्यात ते थांबलेलं नाही.

मागच्या शेडमध्ये दोन नंबरची टाकी फिरते आहे.
कालच्या चांगल्या मालाचं तेल, पंचावन्न अंशांवर.
त्यात आम्ही घातलंय दुसरं विकर,
विकतचं, पांढऱ्या कॅनमधलं,
टनाला तीस ग्रॅम.
गोंदाच्या रेणूची ते एकच शिवण उसवतं,
ठरलेली,
बाकीच्या कपड्याला हात लावत नाही.
मग गोंद पाणी धरतो, तेल सोडतो,
बाजूला होतो.
पूर्वी गोंदाबरोबर किती तेल जायचं
ते नालीकाठच्या गवताला विचारा.

बॉयलरवाले शालिकराम उके त्याला विरजण म्हणतात.
मी म्हटलं, काका, विरजण वाढतं. हे वाढत नाही.
"मंग सरते?"
सरतही नाही. काम करून होतं तसंच राहतं.
फार तापलं की मात्र जातं.
"म्हंजे माह्यासारखंच,"
म्हणाले, आणि वाल्व फिरवायला गेले.

लॅबच्या फ्रिजमध्ये तो कॅन असतो.
त्याला खेटून त्यांचं इन्सुलिन,
चिकटपट्टीवर नाव: शा. म. उके, हात लावू नये.
वीज गेली की आम्ही दोघंही
आधी त्या दाराकडे पाहतो.
उघडत कुणी नाही.

अडीच वाजता रजिस्टर:
आवक १.२०. आम्लता ११.२. साबणाकडे.
भोजरामच्या भाड्यातून काय कापलं जाईल
त्याला इथे रकाना नाही.
तो टायरला टेकून खिशात बिडी चाचपतो,
वॉचमन ओरडतो, हेक्झेन आहे, मरायचंय का,
तसा तो उठून गेटबाहेर जातो,
रस्ता ओलांडून, पार धानाच्या बांधावर.
तिथून एक ठिणगी दिसते.

पोती उतरतात. शालिकराम वाफ सोडतात.
कोंडा शिजला की आकडा तिथेच थांबेल,
अकराचा बारा होणार नाही,
मागेही येणार नाही.

पहाटे, निवायला पसरलेल्या ढिगात
मी पुन्हा हात घालते.
ऊब आहेच.
मघाची त्याची स्वतःची होती.
ही बॉयलरची.